राखाडी न होणारा दगड

"सर, दुसऱ्याचं ड्रॉइंग राखाडी रंगात ठेवायचं, हा नियम तुमचाच ना?"

सबनीस सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुन्हा लावला.

"माझाच."

"मी तोच पाळला."

"हं..."

"मग माझी चूक कुठे झाली?"

"चूक झाली असं कोण म्हणालं?"

सुयोगनं दाराकडे पाहिलं. काचेच्या दारापलीकडे, जिन्याजवळच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. डोक्यावर पदर, मांडीवर कापडी पिशवी, आणि पिशवीवर दोन्ही हात.

"त्यांनी तुला काही म्हटलेलं नाही," सर म्हणाले. "त्या फक्त जागा विचारतायत."

सुयोग डांगे हा आमच्या साताऱ्याच्या ऑफिसातला सगळ्यांत हुशार आर्किटेक्ट. हे त्याला कुणी सांगावं लागत नसे. त्याच्या स्क्रीनवर एक रेघ वाकडी सापडायची नाही, आणि दुसऱ्याच्या स्क्रीनवरची वाकडी रेघ त्याला लांबून दिसायची. दिसली की तो सांगायचाही, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

सबनीस सर ऑफिसचे मालक, आणि खरं तर आम्हा सगळ्यांचे गुरू. ट्रेसिंग पेपरवर शाईनं नकाशे काढण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांचे केस पिकायला लागले होते. तरी ते हट्टानं शिकले आणि मग आम्हाला त्यांनीच शिकवलं. मी सुयोगच्या शेजारच्या टेबलावर बसतो, म्हणून त्या दिवशीचं सगळं बोलणं माझ्या कानावर पडलं.

राखाडीचा नियम असा. जमिनीची मोजणी करणारा जमिनीचा नकाशा काढतो. ती त्याची फाइल आम्ही आमच्या ड्रॉइंगला खालून जोडतो. काचेखाली कागद सरकवावा तशी ती दिसते, पण तिच्यावर आपली रेघ उमटत नाही. नकाशातल्या वस्तू लेयरमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या थरांत, वाटलेल्या असतात, आणि थराचा रंग मात्र आपल्यापुरता बदलता येतो. मूळ फाइल आहे तशीच राहते, आपल्या स्क्रीनवर ती फिकट दिसते, आणि आपली इमारत तिच्यावर उठून दिसते. खालचं राखाडी, आपलं रंगीत.

नियमाला दुसरा अर्धा भागही होता. तो सुयोगनं सांगितला नाही, आणि सरांनीही अजून विचारला नव्हता.

"तू त्यांना काय सांगणार आहेस?" सरांनी विचारलं.

"खरं तेच सांगतो. मोजणीत ते नीट दाखवलेलं नव्हतं."

"म्हणजे मोजणी करणाऱ्या इलियासनं चूक केली."

"तसंच झालं ना, सर? एक छोटा आयत आहे नुसता. नाव नाही, गाव नाही. तिथं मूल पुरलंय असं लिहायला नको? मला कसं कळणार?"

"इलियासला फोन केलास?"

"तो कुवेतला गेला ना, सर. दुसऱ्या नोकरीवर."

"मग त्याच्यावर घालायला सोपंच आहे."

सुयोगचे कान लाल झाले.

बाहेर बसलेल्या बाईंचं नाव शालनबाई जगदाळे. माण भागातल्या शेरेखिंड गावच्या. त्यांचं पहिलं मूल तान्हं असतानाच गेलं. जवळपास डॉक्टर नव्हता, आणि तालुक्याला पोचेपर्यंत फार उशीर झाला. तान्ह्या मुलाला जाळत नाहीत, पुरतात. त्यालाही घरच्याच शेताच्या कोपऱ्यात, लिंबाखाली पुरलं आणि वर एक दगड ठेवला. त्याला आता खूप वर्षं झाली. गावाला आरोग्य उपकेंद्र मंजूर झालं तेव्हा जमीन जगदाळ्यांनी दिली. बाईंनी आपण होऊन होकार दिला होता, फक्त लिंबाचा कोपरा सोडा म्हणाल्या होत्या.

मोजणीला गेलेल्या इलियास मुजावरनं तो दगड नकाशात दाखवला. सरांनी पहिल्या आराखड्यात कोपरा सोडला. पुढचं काम सुयोगकडे आलं. समोरचा रस्ता जरा तिरका होता. इमारत रस्त्याला समांतर बसवली तर देखणी दिसेल, म्हणून त्यानं ती फिरवली, आणि फिरवल्यावर तिची एक बाजू त्या कोपऱ्यावर आली.

खणायचं काम सुरू झालं तेव्हा शालनबाई लेकीच्या बाळंतपणासाठी बारामतीला होत्या. परत आल्या तर लिंब नव्हता आणि दगडही नव्हता. जमीन सपाट झाली होती आणि तिच्यात चौकोनी खड्डे पडले होते. कोपरा कुठे होता हेच त्यांना उमगेना. कामावरच्या माणसांना कुठला दगड ते ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, नकाशावाल्यांना विचारा.

म्हणून त्या सकाळच्या एसटीनं आल्या होत्या. सरांनी त्यांचं ऐकून घेतलं, त्यांना बसायला सांगितलं आणि आधी फोन करून काम थांबवलं, तिथली सगळी चौकशीही केली. मग सुयोगला बोलावून सगळं सांगितलं.

"ड्रॉइंग उघड," सर म्हणाले.

सुयोगनं उघडलं.

ड्रॉइंग सुरेख होतं, हे मान्य करायलाच हवं. काळ्या स्क्रीनवर भिंती पिवळ्या, दारं हिरवी, खांब निळे. पुढे लांब ओसरी, तिला लागून तपासणीची खोली, मागे बाळंतिणींची खोली. आणि खाली सगळीकडे ती फिकट राख पसरलेली.

"दगड दाखव."

"हा काय, इथे..."

"मला दिसत नाही."

सर पुढे वाकले. त्यांनी स्क्रीनवरून बोट फिरवलं, कोपऱ्यापासून ओसरीपर्यंत. बोट कुठेच थांबेना. शेवटी सुयोगनं चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. एका खांबाच्या खड्ड्याचा चौकोन होता, आणि त्या चौकोनाच्या आत, राखाडीत राखाडी, नखाएवढा एक आयत होता.

"कागदावर छापल्यावर हा दिसतो?"

"फिकट येतो, सर."

"दिसतो का?"

"...नाही."

सरांनी टेबलावरची गुंडाळी उलगडली. साइटवर गेलेल्या कागदाची ती आमच्याकडची प्रत. खालच्या कोपऱ्यात सही होती. सरांनी तिच्यावर बोट ठेवलं.

"ही कुणाची?"

"तुमची."

"हा कागद मी पाहिला. इमारत रस्त्याला छान बसली, असं मी म्हणालो. म्हणालो ना?"

"हो, सर. शाबास म्हणालात."

"कोपऱ्याकडे मी बघितलंच नाही. कोपरा मी सोडला होता, आणि मीच विसरलो."

सरांचा आवाज बसला होता. त्यांना फार वाईट वाटत होतं आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही. या माणसाला मी इतकी वर्षं पाहतोय, पण त्यांचा असा चेहरा कधी पाहिला नव्हता.

सुयोगला मात्र जरा हायसं वाटलं असावं. तो खुर्चीत सावरून बसला.

"म्हणजे सर, तसं पाहिलं तर सगळ्यांचीच..."

"थांब. वाटणी मग करू."

सर स्क्रीनकडे वळले. "खालचे रंग परत लाव."

सुयोगनं माउस हलवला. राखाडी निघून गेली आणि इलियासचा नकाशा वर आला. बांध तपकिरी झाले. विहीर निळी झाली. झाडं हिरवी झाली, त्यांत तो लिंबही होता. विजेचा खांब जांभळा झाला.

दगड मात्र पांढरा झाला.

सर त्या पांढऱ्या आयताकडे बघत राहिले.

"हा पांढरा का?"

"तो 'इतर' नावाच्या लेयरमध्ये आहे, सर. इलियासनं सटरफटर सगळं त्याच लेयरमध्ये टाकलंय. त्या लेयरचा रंग पांढरा आहे."

"इलियासनं विजेच्या खांबाला रंग दिला."

"हो."

"आणि याला दिला नाही?"

वर पंखा फिरत होता.

"सुयोग..."

"दिला होता, सर."

"कोणता?"

"लाल."

"मग तो गेला कुठे?"

सुयोगनं माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. हुशार माणसाला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण सरांसमोर त्याला ते जमेना.

"त्यानं लेयरला रंग दिला नव्हता, सर. थेट त्या आयतालाच दिला होता. असा रंग आपल्याकडून बदलत नाही. मी सगळे लेयर राखाडी केले, सगळा नकाशा राखाडी झाला, आणि हा एकटा लालच राहिला. माझ्या ओसरीच्या खांबापाशी एक लाल ठिपका. फार खटकत होता."

"मग तू काय केलंस?"

"मूळ फाइल उघडली."

नियमाचा उरलेला अर्धा भाग हाच. दुसऱ्याचं ड्रॉइंग आपल्यापुरतं हव्या त्या रंगात पाहावं, पण त्याच्या मूळ फाइलला हात लावू नये. लावायचाच झाला तर आधी त्याला विचारावं. ऑफिसात पाय ठेवल्यावर पहिल्याच दिवशी सर हे सांगतात. मला सांगितलं होतं, सुयोगलाही सांगितलं होतं.

"इलियासच्या फाइलमध्ये जाऊन तू याचा रंग काढलास."

"एका क्लिकचं काम होतं, सर."

"हा लाल का आहे, असं मनात आलं नाही?"

सुयोगनं नजर खाली घातली.

"आलं होतं," तो म्हणाला.

"आलं होतं?"

"हो. पण मला वाटलं, इलियासचा गबाळेपणा असेल. तो असाच काम करायचा. कुठेही कसलेही रंग द्यायचा. मला वाटलं... आपण नीट करून ठेवावं."

सर रागावतील असं मला वाटत होतं. सुयोगलाही तसंच वाटत असणार, कारण तो खांदे आखडून बसला होता. पण सर रागावले नाहीत. खिडकीकडे तोंड करून ते थोडा वेळ उभे राहिले आणि मग परत आले.

"सगळं राखाडी झालं," ते हळूच म्हणाले, "आणि तो होत नव्हता..."

सुयोगनं मान वर केली नाही.

"त्याचा रंग त्याला परत दे."

सुयोगनं मूळ फाइल उघडली. आयत निवडला, लाल केला, फाइल जतन केली आणि आपल्या ड्रॉइंगवर परत आला. कोपऱ्यात एक छोटी सूचना उगवली. जोडलेली फाइल बदलली आहे, पुन्हा आणायची का? त्यानं होकार दिला.

दगड लाल झाला.

"आता तुझं राखाडी कर," सर म्हणाले.

"माझं?"

"तुझं."

"पण सर, इमारत दिसणार नाही मग..."

सुयोग करू लागला. भिंतींचा पिवळा गेला. दारांचा हिरवा गेला. तपासणीची खोली, बाळंतिणींची खोली, ज्या ओसरीवर त्याचा एवढा जीव होता ती ओसरी, एकेक लेयर फिका पडत गेला. शेवटी खांबांचे चौकोनही गेले. स्क्रीनवर एक शेत उरलं. बांध, विहीर, झाडं, आणि लिंबाच्या बुंध्याशी तो लाल आयत. आता तो शोधावा लागत नव्हता.

"त्यांना आत बोलाव."

"सर, तुम्ही सांगा ना. तुमचं त्या ऐकतील."

"त्या ऐकायला आलेल्या नाहीत. बघायला आल्यात."

सुयोग उठला. दारापर्यंत गेला आणि दाराची मूठ हातात घेऊन तिथेच उभा राहिला. मला त्याची कीव आली, हे सांगायला हरकत नाही.

मग त्यानं दार उघडलं.

"मावशी... आत येता?"

शालनबाईंनी चपला बाहेर काढल्या. असू द्या, घाला, असं मी म्हणालो, पण त्यांनी घातल्या नाहीत. मी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत.

"ह्यात हाय व्हय माजं रान?" त्यांनी स्क्रीनकडे पाहत विचारलं.

"हो, मावशी. वरून बघितल्यावर असं दिसतं."

त्या वाकल्या आणि बघत राहिल्या. आधी त्यांना काही ओळखू येईना. मग निळ्या गोलावर त्यांचं बोट आलं.

"ही हीर."

"हो."

"ह्यो मदला बांद. आन् ह्यो... ह्यो लिंब न्हवं?"

"हो. लिंबच."

बोट जरा खाली सरकलं आणि थांबलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.

"आगं बया, हाय की हितं! समदी म्हनत्यात, कुटं न्हाई, कुटं न्हाई. हाय की!"

"त्या पोरानं तांबडाच काडलाय बगा," त्या सरांकडे वळून म्हणाल्या. "मोजायला आल्याला, मुजावराचा. लई गुनाचं पोरगं. मला इचारलं त्यानं, मावशी, ह्ये कुंच्या रंगात दावू? म्या म्हनलं, तांबड्या. अंगडं तांबडं व्हतं त्येचं. माज्या आईनं शिवल्यालं. पुरलं तवा तेच व्हतं अंगात."

सुयोगनं टेबलाची कड धरली.

"मग चला की, साहेब. एकडाव दावून द्या कुनीकडं येतंय ते. आज अवस हाय. दर अवसंला दिवा लावती मी."

त्यांनी पिशवी उघडून दाखवली. आत पणती होती, कागदात बांधलेली वात होती आणि तेलाची छोटी बाटली होती. जागा कळली की लगेच लावता यावा म्हणून त्या सगळं घेऊनच घरून निघाल्या होत्या.

सरांनी सुयोगकडे पाहिलं, नुसतं पाहिलं.

"मावशी," सुयोग म्हणाला. "तो तांबडा रंग मी काढला होता."

"आं?"

"आत्ता परत लावला. आधी काढून टाकला होता. म्हणून तो कागदावर आला नाही, म्हणून खणणाऱ्यांना दिसला नाही. आणि इमारत तिथे मीच आणली. तिथे खांबाचा खड्डा खणलाय."

"म्हंजी... दगुड?"

"काढला."

"आन् माती?"

"माती ट्रॉलीनं नेली. रस्त्याच्या भरावाला."

"कुंच्या रस्त्याच्या?"

"खिंडीतल्या."

"समदी?"

"...हो, मावशी."

शालनबाई खाली बसल्या. खुर्ची शेजारीच होती, तरी त्या फरशीवर बसल्या. पिशवी छातीशी धरली. सुयोगही त्यांच्यासमोर फरशीवर बसला. त्यांनी आरडाओरडा केला असता, चार शिव्या घातल्या असत्या, तर आम्हा सगळ्यांनाच बरं वाटलं असतं. त्यांनी तसलं काही केलं नाही.

"त्या रस्त्यानंच आले की रं मी," त्या म्हणाल्या. "आज सकाळी... एष्टी तितनंच येती."

सुयोगच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यानं ते पुसलंही नाही.

शालनबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. राग कुठे दिसतोय का, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधत होतो. राग नव्हता. फक्त फार थकवा दिसत होता.

"इचारायचं तरी, लेकरा," त्या म्हणाल्या. "एकडाव इचारायचं."

सर पुढे आले. गुडघे दुखतात त्यांचे, तरी तेही टेबलाला धरून खाली बसले.

"ताई, त्या कागदावर सही माझी आहे. कोपरा सोडतो असं मी तुम्हाला म्हणालो होतो. मी बघायला हवं होतं."

शालनबाईंनी मान हलवली. ती कशासाठी हलवली, ते मला अजून कळलेलं नाही. मग त्यांनी स्क्रीनकडे बोट केलं.

"त्ये मला कागदावर काडून द्या."

सुयोग उठला. छापायची आज्ञा देण्याआधी तो क्षणभर घुटमळला, मग त्यानं आपली राखाडी झालेली इमारत पूर्णच बंद केली. मशीन घरघरलं. कागद हळूहळू बाहेर आला. आधी बांध आला, मग विहीर आली, मग लिंब आला आणि त्याच्या बुडाशी तांबडा दगड आला.

शालनबाईंनी कागद दोन्ही हातांत घेतला.

"उगवत कुनीकडची?"

सुयोगनं दाखवलं. त्यांनी कागद फिरवला, खिडकीतून येणाऱ्या उन्हाकडे बघून अंदाज घेतला आणि पुन्हा जरासा फिरवला. रानात उभ्या असल्यासारखं त्यांनी एकदा सगळं पाहून घेतलं. मग कागदाची सैल गुंडाळी केली. घडी घातली नाही. गुंडाळी पिशवीत पणतीशेजारी उभी ठेवली.

"मावशी, मी सोडतो. खाली गाडी आहे माझी."

"नगं."

"मावशी..."

"सांच्याची एष्टी हाय मला," त्या म्हणाल्या. "तितनंच जाती."

त्यांनी चपला घातल्या. सुयोग त्यांच्यामागून जिना उतरला. कोपऱ्यावरच्या स्टँडपर्यंत तो गेला असावा, कारण परत यायला त्याला बराच वेळ लागला. आला तो सरळ आपल्या जागेवर बसला आणि माउस हातात घेतला.

"सर, इमारत परत फिरवतो. तुमच्या जुन्या आराखड्यासारखी. कोपरा मोकळा करतो."

"त्यांना विचारलंस?"

सुयोगचा हात थांबला.

"...नाही."

"हं..."

त्यानं माउस सोडून दिला. दुपारचा चहा आला, तो तसाच निवला. सुयोगनं दुसरं काम उघडलं नाही आणि सरांनीही त्याला दुसरं काम दिलं नाही. त्याच्या स्क्रीनवर ते शेत तसंच होतं, मधे तो लाल आयत. येणारा-जाणारा प्रत्येक जण एकदा तिकडे बघून जात होता.

ऑफिस बंद करायची वेळ झाली. आम्ही आपापल्या स्क्रीन विझवायला लागलो. सरांनी पिशवी खांद्याला लावली होती, पण ते सुयोगच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते.

"सर," सुयोगनं मागे न बघता विचारलं, "फाइल बंद करू?"

सरांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं.

"थांब... त्यांची एसटी खिंडीतून पुढे जाऊ दे."